पुढल्या पुस्तकाचा फैसला

मनुष्याने मनुष्यास विचारावयाच्या प्रश्नांत "सध्या काय वाचताय?" हा प्रश्न वरपांगी जितका निरुपद्रवी दिसतो तितकाच तो वस्तुतः घातक आहे, कारण ज्या गृहस्थाने पगार आणि वय यांसारख्या नाजूक बाबतींतही कधी असत्याचा आश्रय केला नाही, तोसुद्धा या प्रश्नासमोर क्षणभर छताकडे पाहतो, घसा साफ करतो, आणि मग उशाशी पालथ्या पडलेल्या पुस्तकाचे नाव न घेता कपाटाच्या वरच्या फळीवरील पुस्तकाचे नाव घेतो. हा मनुष्यस्वभाव झाला, आणि तो पुण्यातही आढळेल. परंतु आमच्या आदिलाबादेत या असत्यास ऐतिहासिक अधिष्ठानही आहे. निजामी अमदानीत १९२० च्या दशकात 'गश्ती निशान ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेले एक परिपत्रक निघाले आणि परवानगीवाचून सभा भरविणे हा गुन्हा ठरला. वाचनालय म्हणजे बसून भरविलेली सभाच होय, अशी सरकारची समजूत असल्यामुळे चार माणसे आणि एक वर्तमानपत्र एका छपराखाली आढळले की दफ्तरात नोंद होई. त्या काळी "काय वाचता?" हा प्रश्न स्नेही विचारीत नसत, पोलिसांचे अमीनसाहेब विचारीत; आणि त्याचे खरे उत्तर देणाऱ्याची गणना शहाण्यांत होत नसे. ती सवय वंशपरंपरेने आमच्यात उतरली, एवढाच आमचा दोष.

आता ते सर्व बंधन गेले. दर रविवारी सायंकाळी कापसाच्या एका अडत्याच्या ओट्यावर आम्ही पाचसहा मंडळी बिनपरवाना जमतो, आपापल्या चालू वाचनाचा खोटा जबाब देतो, आणि पुढे सर्वांनी मिळून कोणते पुस्तक वाचावे याचा फैसला करण्याचा प्रयत्न करतो. या मंडळास नाव नाही, घटना नाही आणि वर्गणीही नाही, म्हणूनच ते टिकले असावे. शिवाय आम्ही कायदेशीर वाचक आहोत. महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे घरपट्टीवर रुपयामागे ८ पैसे ग्रंथालय-उपकर द्यावा लागतो; म्हणजे ज्याच्या नावावर दोन खोल्या आणि एक पडवी आहे असा प्रत्येक इसम, त्याला अक्षरओळख असो वा नसो, तेलंगणात ग्रंथांचा आश्रयदाता असतो. पेनगंगेपलीकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे पण उपकर नाही, त्यामुळे तिकडच्या घरमालकाला वाचनाविषयी हौशीखेरीज दुसरे कारण उरत नाही, आणि हौस ही वस्तू किती अविश्वसनीय आहे हे मी सांगावयास नको.

दैवी आश्रयाच्या बाबतीत मात्र आमची अलीकडे मोठी हानी झाली. गोदावरीकाठचे बासरचे सरस्वतीमंदिर, जेथे दूरदूरची मंडळी आपल्या लेकरांच्या हाती पहिली पाटी देण्यास येतात, ते पूर्वी आमच्याच जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे चार भाग पडले आणि त्या वाटणीत सरस्वती निर्मलकडे गेली. जैनथचे लक्ष्मीनारायण मंदिर आमच्याकडे राहिले, कापसाचा बाजारही राहिला. ही वाटणी करणारा अधिकारी कोण होता ते मला ठाऊक नाही, परंतु आमच्या गावची नाडी त्याला अचूक सापडली होती.

मंडळातील व्यक्तींचा परिचय करून देणे अवश्य आहे. वकीलसाहेब गेली कित्येक वर्षे 'मराठी विश्वकोश' वाचीत आहेत. १९७६ साली निघालेला पहिला खंड त्यांनी पक्षकाराकडून फीच्या ऐवजी घेतला, असे म्हणतात. या वाचनामुळे अकाराने आरंभ होणाऱ्या यच्चयावत विषयांवर त्यांचे प्रभुत्व असून अफू, अंकगणित, अफगाणिस्तान यांपैकी कशावरही ते तासभर साधार बोलू शकतात; मात्र संभाषण ककारापाशी आले की ते अस्वस्थ होतात आणि एखाद्या जुन्या मुरब्बी वकिलाच्या कौशल्याने ते पुन्हा अकाराकडे वळवितात. आदिलाबादपर्यंत ते अद्याप पोचलेले नाहीत.

गिरदावरसाहेब नव्वदीला टेकले आहेत. त्यांचे शिक्षण उर्दूतून, संसार मराठीतून आणि महसूल तेलुगूतून झाला. मोडी येणारा आमच्यातला तो शेवटचा मनुष्य. "सध्या काय वाचताय?" याला त्यांचे उत्तर कायम एकच: ज्ञानेश्वरी. हातात जाड बांधणीचा, लाल पुठ्ठ्याचा ग्रंथ, चेहऱ्यावर तल्लीनता; कोणासही संशय येण्याचे कारण नव्हते. परंतु एके दिवशी ओट्याच्या मालकांच्या घरच्या वहिनींच्या ध्यानात आले की गिरदावरसाहेबांची ज्ञानेश्वरी डावीकडून उजवीकडे उलटली जाते. पुठ्ठा उघडला तो आत इब्ने सफीची उर्दू 'जासूसी दुनिया' निघाली आणि कर्नल फरीदी कोणा बदमाषाच्या मागावर होते. गिरदावरसाहेब यत्किंचित ओशाळले नाहीत. "शोध तो शोधच," ते म्हणाले, "कोणी आत्म्याचा करतं, कोणी खुन्याचा." यावर मास्तरांनी मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा विषय काढला, आणि मग त्या सायंकाळी इतक्या थोर माणसांनी इतके खरे कबुलीजबाब दिले की पुन्हा तसा योग आलेला नाही.

मास्तर म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे कारभारी. पुस्तक कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंदवही त्यांच्याकडे असते, आणि ती वाचताना एखाद्या गावच्या फेरफार-नोंदी वाचीत असल्याचा भास होतो: मूळ मालक, कब्जेदार, पोटकब्जेदार, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सध्या पत्ता लागत नाही'. 'मृत्युंजय'ची आमची प्रत या वहीप्रमाणे एकाच वेळी दोन घरांत आहे, आणि दोन्ही घरे ती आपली असल्याचे सांगतात. हे ऐकून बाहेरचा मनुष्य हसेल, आम्ही हसत नाही. आमच्या जुन्या जिल्ह्याच्या कडेला, आजच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, बाराचौदा गावे अशी आहेत की ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील गृहस्थापाशी दोन राज्यांची दोन शिधापत्रके असतात आणि तो दोन्हीकडे मतदान करतो. जेथे अख्खे गाव दोन सरकारांच्या दफ्तरी नांदू शकते तेथे एका कादंबरीने दोन घरांत नांदावे यात आश्चर्य ते काय?

तरीही एकदा मास्तरांनी न परतलेल्या पुस्तकांचा प्रश्न वकीलसाहेबांपुढे रीतसर मांडला. मुदतीचा कायदा योगायोगाने त्यांच्या वाचनाबाहेरचा असूनही, म्हणजे तो मकारात असूनही, वकीलसाहेबांना तो चांगला ठाऊक होता. ते म्हणाले की परक्याची जमीन बारा वर्षे उघडपणे, निर्वेधपणे आणि मालकाच्या विरुद्ध वहिवाटली तर मालकाचा हक्क बुडतो; परंतु पुस्तक पडले जंगम माल, त्याच्या वसुलीच्या दाव्यास मुदत अवघी तीन वर्षे. हे वाक्य संपताच ओट्यावर जी शांतता पसरली तिच्यात प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या कपाटाचा हिशेब करीत होता, आणि एकदोन चेहऱ्यांवर मला स्पष्ट समाधान दिसले.

यजमान अडत्ये शेट यांचे साहित्यशास्त्र स्वतंत्र आहे. कापसाची सरकारी खरेदी करताना ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पुरा भाव मिळतो, त्याच्यावर टक्क्याटक्क्याला कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत; सारा जन्म या मोजणीत गेल्यामुळे कोणत्याही पुस्तकाचे नाव निघाले की शेट पहिला प्रश्न करतात, "ओलावा किती?" ज्या कादंबरीत नायिका तिसऱ्या प्रकरणापासून रडू लागते ती ते दारातूनच परत पाठवितात. मी मी म्हणणाऱ्या समीक्षकांची प्रकरणेच्या प्रकरणे वाचूनही जे हाती लागले नाही ते या एका प्रश्नाने माझ्या हाती दिले आहे. दिवाळीनंतर आवक सुरू झाली की मात्र शेटांचे वाचन बंद पडते, आणि दुर्दैव असे की दिवाळी अंकही नेमके त्याच वेळी येतात. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा संपादकांनी कापसाच्या हंगामाचा विचार केला नाही, ही शेटांची कायमची तक्रार आहे.

आमच्यातील खऱ्या वाचक एकच, त्या म्हणजे शेटांच्या घरच्या वहिनी. आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्या चहा घेऊन येतात. वहिनींचे माहेर किनवटचे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका. त्या दिवशी तो नांदेड जिल्ह्यात गेला, म्हणून आजची माहेरवाशीण दर वेळी राज्य ओलांडून माहेरी जाते. गावातील मराठी वाचनाचा निम्मा पुरवठा या एका माहेरपणावर अवलंबून आहे. पुण्यामुंबईच्या वाचकास पुढले पुस्तक निवडताना काय वाचावे एवढाच प्रश्न पडतो. आम्हांस आधी कोण जाणार आहे हे पाहावे लागते. नंदिग्राम एक्स्प्रेसने कोणाचा जावई येणार, यवतमाळला कोणाची तारीख आहे, नागपूरला कोणाचा डोळा दाखवावयाचा आहे, यांवर आमची वाङ्मयीन अभिरुची ठरते. मध्यंतरी सहा महिने आम्ही केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या वाचीत होतो. त्याला आमचे इतिहासप्रेम कारण नव्हते. ज्यांच्या पिशवीतून पुस्तके यावयाची त्या गृहस्थांना नांदेडच्या दुकानात पहिल्याच फळीवर त्या दिसत आणि गाडीची वेळ झालेली असे.

रेल्वे आणि पुस्तक यांचा संबंध निघाला म्हणून सांगतो. १९०४ साली जोहान्सबर्गच्या स्थानकावर पोलक नावाच्या मित्राने डर्बनला निघालेल्या गांधींच्या हाती रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' ठेवले, आणि त्या एका रात्रीच्या वाचनाने गांधींच्या आयुष्याची दिशा बदलली, पुढे 'सर्वोदय' या नावाने त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत लिहिला. ही हकीकत मास्तरांनी आपल्या नोकरीत इतक्या वेळा शिकविली आहे की स्थानकावर कोणाला निरोप द्यावयास गेले असता प्रवाशाच्या हाती एखादे वैचारिक पुस्तक ठेवल्यावाचून त्यांना राहवत नाही. मुदखेडपर्यंत मनुष्य बदलेल अशी त्यांची अपेक्षा असते. आजवर कोणी बदलल्याचे वृत्त नाही. बहुतेकांनी पुस्तकाखाली डबा ठेवून जेवण उरकले, आणि दोघे तर पुस्तकासह अद्याप परतलेले नाहीत.

मंडळात एक तरुणही आहे. तो पुस्तके कानाला नळ्या लावून ऐकतो आणि "वाचली" असे सांगतो, यावरून पुष्कळ दिवस वितंडवाद झाला. वकीलसाहेबांनी ऐकीव पुरावा ग्राह्य नाही असा मुद्दा काढला. तेव्हा गिरदावरसाहेब पुढे झाले आणि म्हणाले, "अहो वकीलसाहेब, श्रावणात आमच्या वाड्यात 'पांडवप्रताप' चालायचा. वाचणारा एक, ऐकणारे चाळीस, त्यांतले पंधरा घोरणारे. ते पंधराही आयुष्यभर सांगत राहिले की आम्ही पोथी वाचली म्हणून. ह्या पोराला तरी जागं राहावं लागतं." निकाल पोराच्या बाजूने लागला. त्याने कृतज्ञतेपोटी गिरदावरसाहेबांच्या कानाला नळ्या लावून दिल्या, आणि ते पाच मिनिटांत झोपी गेले.

राहिले शेजारचे तेलुगूचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही प्रोफेसरसार म्हणतो. तेलुगूला अभिजात भाषेचा दर्जा २००८ साली मिळाला, मराठीला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. मधली सोळा वर्षे ओट्यावर त्यांच्याशी बोलताना आम्ही जरा मान खाली घालूनच बोलत असू, आणि ते भले गृहस्थ हा विषय कधी काढीत नसत, हेच आम्हांला अधिक झोंबे. मास्तरांचे आणि त्यांचे सख्य जुळले ते मात्र निराळ्या कारणाने. मद्रासेहून १९४७ साली निघू लागलेले मुलांचे 'चंदमामा' १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने मराठीतही येऊ लागले, आणि एका रविवारी या दोघांस असा शोध लागला की एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून, आपण दोघे बालपणी तोच विक्रम, तेच प्रेत आणि तोच वेताळ पाहत होतो. त्या दिवशी पुढल्या पुस्तकाचा विषय तहकूब ठेवावा लागला, कारण दोन पिकलेल्या केसांचे गृहस्थ तासभर हातवारे करून एकमेकांना चित्रे सांगत होते.

पुढले पुस्तक निवडण्याची आमची रीत लोकशाहीची आहे, म्हणजे तीत वेळ पुष्कळ जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे. तो आमच्या मंडळाने सर्वानुमते रद्दबातल केला आहे. प्रत्येकाने एक नाव सुचवावयाचे, त्यावर चर्चा व्हावयाची आणि मग मते पडावयाची. मनुष्य अशा प्रसंगी दोनच प्रकारची पुस्तके सुचवितो असे माझ्या दृष्टोत्पत्तीस आले आहे: जे त्याने पूर्वीच वाचलेले आहे, म्हणजे पुन्हा श्रम नकोत, किंवा जे त्याने मोहाने विकत घेऊन वाचलेले नाही, म्हणजे इतरांनी वाचले की निदान किंमत वसूल झाल्याचे समाधान. 'कोसला' सुचविणाऱ्याला तरुण दिसावयाचे असते, 'ययाति' सुचविणाऱ्याला गंभीर दिसावयाचे असते, आणि "एखादं पातळसं बघा ना" असे म्हणणारा एकटाच प्रामाणिक असतो. जे पुस्तक मनुष्याला मनापासून वाचावेसे वाटते त्याचे नाव मात्र तो सभेत घेत नाही, ते तो घरी दार लोटून वाचतो. मग पंचाईत अशी होते की सर्वानुमते निवडलेले पुस्तक कोणीच वाचीत नाही आणि त्याच्यावरची चर्चा सर्वांत रंगते.

गेल्या रविवारी मात्र नवल घडले. मते पाच नावांवर पाच पडली होती, वकीलसाहेबांनी निर्णायक मत कोणाचे यावर कायदेशीर खल चालविला होता, आणि वहिनी कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या की. सगळ्यांनी नाव ऐकलंय, वाचली कुणीच नाही." हा आरोप इतका सत्य होता की त्याचा कोणी इन्कारही केला नाही. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून हरिभाऊ आपट्यांनी यमूची ही कहाणी सांगावयास घेतली. तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी मनुष्य तिचे शीर्षक दर वादात वापरीत आहे आणि आतील मजकूर यमूवरच सोडून देत आहे. शेटांनी सवयीने ओलावा विचारला. वहिनी म्हणाल्या, "पुष्कळ आहे. पण तो खरा आहे." शेट गप्प बसले, कापसातही पावसाचा ओलावा आणि पाणी मारून आणलेला ओलावा यांतला भेद त्यांना समजतो.

तेवढ्यात प्रोफेसरसार उठून घरी गेले आणि 'अबला जीवितम्' घेऊन आले. पी. व्ही. नरसिंह राव यांनी, ज्यांनी विश्वनाथ सत्यनारायणांची 'वेयिपडगलु' हिंदीत 'सहस्रफण' म्हणून नेली, त्यांनीच हरिभाऊंची ही कादंबरी तेलुगूत आणली आहे. पुढे पंतप्रधान झालेल्या तेलुगू गृहस्थाने हा मराठी ग्रंथ ओळ न् ओळ वाचला, आमच्या प्रोफेसरसारांनी तो तेलुगूतून दोनदा वाचला, आणि आम्ही, ज्यांच्या भाषेत तो लिहिला गेला, त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी त्याची प्रत निघाली नाही. मास्तरांची नोंदवही उघडली. एक प्रत पूर्वी होती. शेऱ्याच्या रकान्यात नेहमीचा शेरा होता, आणि तीन वर्षे केव्हाच उलटून गेली होती.

फैसला कायम झाला आहे: आम्ही मराठीतून वाचावयाची, प्रोफेसरसारांनी तेलुगूतून, आणि संक्रांतीनंतर बैठक भरवावयाची. प्रोफेसरसारांची तयारी पूर्ण आहे. तरी नांदेड, यवतमाळ, नागपूर यांपैकी कोणत्याही दिशेने जो कोणी वाचक आदिलाबादेस येणार असेल त्याने कृपा करून 'पण लक्षात कोण घेतो'ची एक प्रत, मंडळात तिघांचे मोतीबिंदू झाले असल्यामुळे शक्यतो ठळक टायपाची, बरोबर आणावी. किंमत ओट्यावर रोख दिली जाईल. वाचावयास म्हणून उसनी दिल्यास परतीची हमी देता येत नाही.